भस्मासुर आणि बुकिंग क्लार्क

‘दादा, ते साठ लाख वगैरे फुगवलेलं आहे ना? आणि तूच म्हणाला होतास, मॅनेजमेंट शिकायचं तर हिटलरकडून शिकावं.’

माझ्या मावसभावाचा हा मेसेज आला तेव्हा मी घाटकोपरला मेट्रोच्या रांगेत उभा होतो. मुलुंड ते घाटकोपर लोकल, तिथून मरोळपर्यंत मेट्रो, हा माझा रोजचा रस्ता. मेसेजसोबत एक रील होतं. काळंपांढरं फुटेज, घोगरा आवाज, आणि एक प्रश्न: ऑश्विट्झच्या पाटीवर आधी चाळीस लाख लिहिलं होतं, नंतर ते पंधरा लाख केलं, मग एकूण साठ लाख तसेच कसे राहिले?

मरोळ येईपर्यंत मी दोनदा ते रील पाहिलं. मला उत्तर येत नव्हतं. आकडा खोटा नाही एवढं ठाऊक होतं, पण तो आला कुठून हे मी कधी विचारलंच नव्हतं. आणि मेसेजमधलं दुसरं वाक्य खरं होतं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला ‘कम्युनिकेशन स्किल्स’च्या तासाला मी ‘ग्रेट लीडर्स’ या विषयावर दहा स्लाइड्स दाखवल्या होत्या. लीडर म्हणून निवडला होता हिटलर. वक्तृत्व, शिस्त, ऑटोबान, आणि शेवटच्या एका स्लाइडवर ‘चुकाही केल्या’. वर्गाने टाळ्या वाजवल्या, मार्क चांगले मिळाले. सुट्टीत घरी आल्यावर तीच स्लाइड्स मी या भावाला दाखवली. तो तेव्हा शाळेत होता. पुढे त्याच्या दहावीच्या निकालाला मी त्याला एक पुस्तकही भेट दिलं: वि. ग. कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’.

तेव्हा हा लेख म्हणजे एका अर्थाने मी दिलेल्या भेटीची तपासणी आहे. होलोकॉस्टवरची पुस्तकं आपण मराठीत कशी वाचतो, कुठली वाचतो, आणि चांगलं पुस्तक कसं ओळखायचं, हे मला गेल्या काही महिन्यांत नव्याने शिकावं लागलं.

वर कोणी दिला?

आधी कानिटकरांबद्दल. मराठी घरांत हिटलरचं नाव काढलं की या पुस्तकाचं नाव निघतंच. मी ते नववीत असताना मुलुंडच्या लायब्ररीतून आणून वाचलं आणि परत करायच्या तारखेनंतर आठवडाभर दंड भरत ठेवून घेतलं. वेगवान, नाट्यमय, खाली ठेववत नाही असं. मराठीत युरोपच्या इतिहासावर वाचायला फारसं काही नव्हतं, तेव्हा या लेखकाने एका पिढीला म्यूनिक, बर्लिन, स्टालिनग्राड ही नावं सवयीची करून दिली. कानिटकर हिटलरची बाजू घेत नाहीत. शीर्षकातच त्यांनी त्याला असुर म्हटलंय. ज्यूंच्या हत्येची हकिगत पुस्तकात आहे. मी ती वाचली होती, आणि तरीही ‘ग्रेट लीडर्स’ची स्लाइड्स केली होती. हे कसं झालं?

परत वाचताना मला वाटलं, गोम शीर्षकातच आहे. भस्मासुराची गोष्ट आपल्याला पाठ आहे. शंकराने वर दिला, की ज्याच्या डोक्यावर हात ठेवशील तो भस्म होईल. असुर उलटला, विष्णूने मोहिनीचं रूप घेऊन त्याला नाचवलं, आणि त्याने स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवला. गोष्ट संपली. या गोष्टीत पहिल्यापासून शेवटपर्यंत आपले डोळे असुरावर असतात. मधल्या काळात त्याने ज्यांना भस्म केलं, त्यांची नावं कुणाला आठवतात? कथेला ती लागतच नाहीत. आणि असुर मेला की सगळं जागच्या जागी येतं. कुणी उरत नाही ज्याला जाब विचारावा.

‘उदय आणि अस्त’ हा साचा अमेरिकन पत्रकार विल्यम शिररच्या १९६० सालच्या गाजलेल्या ग्रंथाची आठवण करून देणारा. तोही हजारावर पानांचा, तोही झपाटून टाकणारा. पण त्या साच्यात नायकाच्या जागी खलनायक बसतो आणि बाकीचं सगळं त्याच्या चढउताराचं नेपथ्य होतं. ज्यूंचा संहार हे त्याच्या अनेक दुष्कृत्यांपैकी एक प्रकरण ठरतं. चौदा वर्षांच्या मुलाला अशा पुस्तकातून काय लक्षात राहतं? चढ. बिअर हॉलमधलं भाषण, तुरुंग, तिथून सत्तेपर्यंतचा प्रवास. तो प्रवास कितीही निषेध करत सांगितला तरी प्रवासच असतो. माझ्या दहापैकी नऊ स्लाइड्स त्या चढाच्या होत्या.

भस्मासुराच्या गोष्टीतला एक प्रश्न मात्र कामाचा आहे, आणि तो आपण विचारत नाही: वर कोणी दिला? नोव्हेंबर १९३२च्या निवडणुकीत नाझी पक्षाला ३३ टक्क्यांच्या आसपास मतं होती, आधीच्या निवडणुकीपेक्षा कमी. बहुमत नव्हतं. ३० जानेवारी १९३३ला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने त्याला चान्सलर नेमलं, कारण पापेनसारख्या प्रतिष्ठित मंडळींना वाटलं की हा माणूस आपल्या मुठीत राहील. वर देणारे देव नव्हते, सूटबूट घातलेले जबाबदार गृहस्थ होते. ज्या पुस्तकात या गृहस्थांना पुरेशी जागा नाही, ते कितीही रोमहर्षक असलं तरी मी आता पूर्ण मार्क देणार नाही.

चार वर्षांखालील मुलांना तिकीट नाही

शिररच्या पुस्तकानंतर एका वर्षाने, १९६१ साली, दुसरं एक पुस्तक आलं: राऊल हिलबर्गचं ‘द डिस्ट्रक्शन ऑफ द युरोपियन ज्यूज’. हिलबर्ग व्हिएन्नाचा ज्यू, लहानपणी कुटुंबासह अमेरिकेत पळून आलेला. त्याच्या या प्रबंधाला प्रकाशक मिळता मिळत नव्हता. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रकाशनाने नाकारला. अखेर शिकागोच्या एका छोट्या प्रकाशकाने तो छापला. आज या विषयावरचं जवळपास प्रत्येक गंभीर पुस्तक या ना त्या रीतीने त्याच्या खांद्यावर उभं आहे. मला तो मराठीत मिळाला नाही, इंग्रजीत किंडलवर वाचला. जड आहे. लोकलमध्ये उभ्याने वाचवत नाही.

हिलबर्गच्या पुस्तकात हिटलर क्वचित दिसतो. दिसतात ती खाती. अर्थखातं, रेल्वे, नगरपालिका, विमा, कर. आधी ज्यू म्हणजे कोण याची व्याख्या करणारा कायदा. मग नोकऱ्या आणि मालमत्ता काढून घेणारे आदेश. मग एकत्र कोंबणं. मग वाहतूक. प्रत्येक पायरीला फॉर्म, सही, शिक्का. प्रत्येक पायरीवरचा माणूस फक्त आपल्या पायरीपुरता जबाबदार.

एक तपशील वाचून मी पुस्तक बंद करून ठेवलं. जर्मन रेल्वे या ज्यूंना मृत्युछावण्यांकडे नेण्यासाठी एसएसकडून भाडं आकारत होती. थर्ड क्लासचं भाडं, किलोमीटरला चार फेनिग. दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट. चार वर्षांखालच्यांना तिकीट नाही. एका वेळी चारशेच्या वर माणसं असतील तर ग्रुप डिस्काउंट, निम्मं भाडं. नेल्या जाणाऱ्यांचं भाडं एकेरी. पहारेकऱ्यांचं मात्र रिटर्न.

मी बिलिंग सिस्टिमवर काम करतो. वयानुसार सवलत, ग्रुप रेट, एकेरी आणि रिटर्न, हे नियम लिहिणं हा माझ्या पोटापाण्याचा धंदा आहे. हा तक्ता माझ्याकडे ‘रिक्वायरमेंट’ म्हणून आला असता तर मी काय केलं असतं? बहुधा एकच शंका विचारली असती, की बरोबर चार वर्षं पूर्ण झालेलं मूल कुठल्या गटात धरायचं. आणि तिकीट क्लोज केलं असतं.

भस्मासुर वाचून मला कधी भीती वाटली नव्हती. असुर आपण नसतो. बुकिंग क्लार्क आपण असू शकतो. या विषयावरच्या पुस्तकाकडून मला आता पहिली अपेक्षा ही आहे, की त्याने मला बुकिंग क्लार्क दाखवावा.

छळछावणी हा शब्द पुरत नाही

दुसरी अपेक्षा शब्दांबद्दलची. मराठीत आपण सर्रास ‘छळछावणी’ म्हणतो. डाखाऊ ही छळछावणी, ऑश्विट्झ ही छळछावणी, ट्रेब्लिंकाही छळछावणी. पण या एका जातीच्या जागा नव्हत्या. डाखाऊ १९३३ साली सुरू झाली, राजकीय विरोधकांना डांबायला. तिथे छळ झाला, उपासमार झाली, हजारो मेले; पण माणसांना डांबून ठेवणं हा तिचा मूळ उद्देश होता. ट्रेब्लिंका, सोबिबोर, बेल्झेक या जागा राहण्यासाठी बांधल्याच नव्हत्या. गाडीतून उतरलेली बहुतेक माणसं काही तासांत मेलेली असत. तिथे छळायलासुद्धा कुणाला फार वेळ ठेवत नसत. बेल्झेकमधून जिवंत राहून युद्धानंतर साक्ष देऊ शकलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ऑश्विट्झ हे दोन्हींचं मिश्रण: कामगारछावणी आणि बाजूलाच बिर्केनाऊतली गॅस चेंबर्स.

हा फरक किचकट वाटेल, पण नाकारणाऱ्यांचा अर्धा धंदा या गोंधळावर चालतो. ‘अमुक छळछावणीत गॅसने सामूहिक हत्या झाल्याचा पुरावा नाही’ असं एका छावणीबद्दलचं खरं वाक्य घ्यायचं, आणि ते सगळ्या छावण्यांना लावायचं. आपल्या भाषेत दोघींना एकच शब्द असेल तर वाचकाला ही चलाखी पकडता येत नाही. अनुवादकांनी निदान ‘मृत्युछावणी’ किंवा ‘संहारछावणी’ हा शब्द वेगळा ठेवावा. मराठी पुस्तक हातात घेतलं की मी आता ट्रेब्लिंकाचा उल्लेख शोधतो आणि तिला काय म्हटलंय ते बघतो. अर्ध्या मिनिटाची परीक्षा आहे, आणि बरंच काही सांगून जाते.

कादंबऱ्यांचंही असंच. ‘द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज’ वाचून किंवा पाहून रडलेले मित्र तुमच्याकडेही असतील. ऑश्विट्झच्या संग्रहालयाने जानेवारी २०२०मध्ये स्पष्ट सांगितलं, की होलोकॉस्ट शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी हे पुस्तक टाळावं. कुंपणाशी रोज निवांत बसणारा नऊ वर्षांचा ज्यू मुलगा ऑश्विट्झमध्ये शक्य नव्हता. त्या वयाच्या बहुतेक मुलांना गाडीतून उतरल्यावर थेट गॅस चेंबरमध्ये नेलं जाई. शिवाय गोष्टीच्या शेवटी आपण कोणासाठी रडतो? कमांडंटच्या मुलासाठी. ‘द टॅटूइस्ट ऑफ ऑश्विट्झ’ ‘सत्यकथेवर आधारित’ म्हणून खपली, पण तिच्यात १९४३च्या सुरुवातीला छावणीत पेनिसिलिन मिळतं. तेव्हा ते तिथे मिळणं शक्य नव्हतं. कादंबरीने कल्पना करू नये असं माझं म्हणणं नाही. पण ‘किती रडवलं’ हे इथे मोजमाप नव्हे. रडवणं सोपं आहे.

फुटपाथवरची प्रत

अंधेरी स्टेशनबाहेर पुस्तकांचा ढीग लागतो तिथे श्रीमंत होण्याची पुस्तकं, ‘द सीक्रेट’, आणि त्यांच्याच रांगेत ‘माइन काम्फ’ असते. इंग्रजी असते, हिंदी असते, मराठी अनुवादही मिळतो. विक्रेत्याला विचारलं तर तो सांगतो, चांगली चालते. सेल्फ-हेल्पच्या शेजारी ती ठेवली जाते यात त्याचा दोष नाही. गिऱ्हाईक तिला त्याच शेल्फवर शोधतं. माझी दहा स्लाइड्ससुद्धा त्याच शेल्फवरची होती. आपल्याकडे कडक शिक्षकाला, खाष्ट सासूला ‘हिटलर’ म्हणायची पद्धत आहे. ‘हिटलर दीदी’ नावाची मालिका रोज रात्री घरात लागायची. २००६ साली नवी मुंबईत खारघरला ‘हिटलर्स क्रॉस’ नावाचं रेस्टॉरंट उघडलं होतं. मुंबईतल्या ज्यू समाजाने विरोध केल्यावर त्याचं नाव बदललं.

‘माइन काम्फ’ वाचूच नये असं मी म्हणत नाही. प्रश्न कुठली प्रत वाचता याचा आहे. २०१५च्या अखेरीस तिचा कॉपीराइट संपला, आणि जानेवारी २०१६मध्ये म्यूनिकच्या समकालीन इतिहास संस्थेने तिची चिकित्सक आवृत्ती काढली. दोन खंड, जवळपास दोन हजार पानं, साडेतीन हजारांहून अधिक टिपा. हिटलरचं मूळ लिखाण मधोमध आणि त्याच्या भोवती इतिहासकारांच्या टिपांचा वेढा. इथे तो खोटं बोलतोय, हे त्याने अमक्याकडून उचललंय, ही आकडेवारी चुकीची आहे, या विधानाचं पुढे प्रत्यक्षात काय झालं. कोडमध्ये एखादं धोकादायक जुनं मोड्यूल असतं तेव्हा आपण ते काढून टाकू शकत नसलो तर त्याच्या प्रत्येक ओळीला कॉमेंट लिहितो, तसं. आपल्या फुटपाथवरच्या प्रतीत यातलं काही नसतं. उलट मागच्या कव्हरवर ‘जिद्दीची कहाणी’ छापाचा मजकूर असतो. एकच पुस्तक, पण एका आवृत्तीत ते पुरावा असतं आणि दुसरीत प्रचार.

तळटीप उघडून बघा

मग टिपा असलेलं पुस्तक चांगलं, असा सोपा नियम करावा का? मीही तेच समजत होतो. डेव्हिड आयर्विंगचं प्रकरण वाचल्यावर तो नियम मोडला.

आयर्विंग हा ब्रिटिश लेखक. जर्मन उत्तम, दफ्तरखान्यांत मुरलेला, पुस्तकांत टिपांचा खच. अमेरिकन इतिहासकार डेबोरा लिपस्टाटने १९९३च्या पुस्तकात त्याला होलोकॉस्ट नाकारणारा म्हटलं. त्याने तिच्यावर आणि पेंग्विनवर इंग्लंडमध्ये बदनामीचा दावा लावला. तिथल्या कायद्यानुसार आपलं म्हणणं खरं आहे हे सिद्ध करणं प्रतिवादीवर होतं. मग केंब्रिजचे इतिहासकार रिचर्ड इव्हान्स यांनी दोन सहायकांना घेऊन एक कंटाळवाणं काम केलं: आयर्विंगच्या टिपा एकेक करून मूळ कागदाशी ताडून पाहिल्या.

एक नमुना बघा. ३० नोव्हेंबर १९४१ला हिमलरने आपल्या फोनच्या नोंदीत लिहिलं, की बर्लिनहून गेलेली ज्यूंची गाडी, तिची हत्या नको. एका गाडीबद्दलची नोंद. आयर्विंगने त्याचा अर्थ केला, की हिटलरच्या सांगण्यावरून ज्यूंची हत्याच थांबवण्याचा आदेश दिला गेला. एकवचनाचं अनेकवचन. आणि ती एक गाडी? तिच्यातल्या माणसांना त्याच दिवशी सकाळी रिगाजवळ गोळ्या घालून झालेल्या होत्या. इव्हान्सना अशी उदाहरणं ढिगाने सापडली, आणि प्रत्येक ‘चूक’ एकाच दिशेने झुकलेली. खऱ्या चुका दोन्ही बाजूंना पडतात. ११ एप्रिल २०००ला न्यायमूर्ती ग्रे यांनी निकाल दिला: आयर्विंगने पुराव्याची जाणूनबुजून मोडतोड केली आहे.

आपण सामान्य वाचक काही दफ्तरखान्यात जाऊ शकत नाही. पण एक टीप उघडून बघू शकतो. एखादा मोठा दावा निवडायचा, टीप पाहायची, तो कागद दुसऱ्या इतिहासकाराने कसा वाचलाय ते शोधायचं. फोनवर दहा मिनिटांचं काम आहे.

आपलं स्वतःचं प्रकरण

हे सगळं दूरच्या देशाचं वाटत असेल तर कोल्हापूरला या. ऑगस्ट २०२४मध्ये पंतप्रधानांनी पोलंडमध्ये वॉर्सा इथल्या कोल्हापूर स्मारकाला भेट दिली, आणि माझ्या फोनवर फॉरवर्ड सुरू झाले: ‘हिटलरच्या तावडीतून सुटलेल्या पाच हजार ज्यूंना कोल्हापूरने आसरा दिला.’ मीही एक पुढे ढकलला.

कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची मोठी वसाहत होती हे अगदी खरं. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. पण ती बहुसंख्य कॅथलिक होती, आणि त्यांना घरांतून उचलून सैबेरिया-कझाकस्तानात पाठवलं होतं ते हिटलरने नव्हे, स्टालिनने, १९४० आणि १९४१मध्ये. जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यावर त्यांची सुटका झाली आणि इराणमार्गे ती भारतात पोचली. कोल्हापूरकरांची माणुसकी यामुळे तिळभरही कमी होत नाही. पण फॉरवर्डमधल्या गोष्टीत स्टालिनचा गुन्हा गायब होतो, त्या बायकामुलांचं खरं दुःख गायब होतं, आणि आपण फुकटात ज्यूंचे तारणहार होतो.

हिटलरपासून पळून आलेले ज्यू महाराष्ट्रात आले नव्हते का? आले होते. मुंबईत त्यांच्यासाठी १९३४ साली ज्यू मदत संघटना उभी राहिली होती. त्यांतलाच वॉल्टर कॉफमन हा संगीतकार; आकाशवाणीची ती जुनी धून त्याच्या नावावर सांगितली जाते. रुडी फॉन लायडन, वॉल्टर लँगहॅमर, इमॅन्युएल श्लेसिंगर हे हिटलरमुळे युरोप सोडून मुंबईत आले आणि हुसेन-रझा-सूझांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपच्या पाठीशी उभे राहिले. पण याला दुसरी बाजूही आहे. १९३९ला युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांना ‘शत्रुराष्ट्राचे’ म्हणून अहमदनगरच्या छावणीत डांबलं, आणि त्यांत ज्यू निर्वासितही होते, काही वेळा नाझी समर्थकांच्या शेजारीच. पुढे बऱ्याच जणांना सोडलं. पण पुरंदर किल्ल्यावरही अशा काही निर्वासितांना ठेवलं होतं. मी पुरंदर चार वेळा चढलोय. संभाजीराजांच्या जन्माची गोष्ट प्रत्येक वेळी ऐकली, ही एकदाही नाही.

आणखी एक. मराठी ही जगातल्या एका ज्यू समाजाची मातृभाषा आहे. बेने इस्रायली घरांत शतकानुशतकं मराठी बोलली जाते. इस्रायलमध्ये गेलेल्यांनी तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. इतकं असूनही मराठी वाचकाला हा संहार ओळखीचा आहे तो मारणाऱ्याच्या नावाने. माझ्या शेल्फवर हिटलरवरची चार पुस्तकं होती. मेलेल्यांपैकी कुणाचं एकच: अ‍ॅन फ्रँकची डायरी.

एक पाच राहिलाय

आता तो आकडा. भाऊ मुलुंडला घरी आला, तेव्हा मी त्याला भाषण दिलं नाही. भाषण देऊनच मी घोटाळा केला होता. आधी पाटीबद्दल बोललो. चाळीस लाख हा आकडा १९४५ला सोव्हिएत आयोगाने दिला होता. पुढे ऑश्विट्झ संग्रहालयाचे इतिहासकार फ्रान्चिशेक पिपेर यांनी गाड्यांच्या याद्यांवरून हिशेब केला: मृत सुमारे अकरा लाख, त्यांतले जवळपास दहा लाख ज्यू. पण एकूण साठ लाखांचा हिशेब त्या पाटीवर कधीच उभा नव्हता. हिलबर्गने १९६१ साली, म्हणजे पाटी बदलण्याच्या तीसेक वर्षं आधी, ऑश्विट्झसाठी दहा लाखच धरले होते, आणि त्याची एकूण बेरीज ५१ लाख आली. वोल्फगांग बेंझ यांच्या गटाने १९९१ला देशवार लोकसंख्या तपासली: ५३ लाखांपासून ६० लाखांच्या थोडं वरपर्यंत. याद वाशेमकडे आज ४८ लाखांहून अधिक नावं नोंदलेली आहेत. नुसते आकडे नव्हेत, नावं.

‘पण हे सगळं यांनीच मोजलंय ना,’ तो म्हणाला. रास्त शंका. मग मी लॅपटॉपवर एक तार उघडली. ११ जानेवारी १९४३, पाठवणारा लुब्लिनचा एसएस अधिकारी हेर्मान हॉफ्ले. ब्रिटिशांनी ती वाटेतच पकडून उलगडली होती, पण तिचा अर्थ कुणाच्या लक्षात आला नाही. २०००च्या सुमारास ती लंडनच्या दफ्तरखान्यात सापडली. तारेत छावण्यांची फक्त आद्याक्षरं आणि १९४२ अखेरपर्यंत तिथे ‘आलेल्यां’चे आकडे. एल २४,७३३. बी ४,३४,५०८. एस १,०१,३७०. टी ७१,३५५. खाली एकूण: १२,७४,१६६.

‘कर बेरीज,’ मी म्हटलं.

त्याने फोनवर केली. दोनदा केली. ‘जुळत नाही. सहा लाख एकतीस हजार येतायत. बघ, खोटं आहे.’

‘टी म्हणजे ट्रेब्लिंका. परत बघ.’

तो थोडा वेळ बघत राहिला. तो आता डेटा सायन्सच्या पहिल्या वर्षाला आहे, हुशार आहे. मग म्हणाला, ‘शेवटी एक पाच राहिलाय. ७,१३,५५५ हवं.’ बेरीज केली. १२,७४,१६६. बरोबर.

मी त्याला दुसरा कागद दाखवला: एसएसचा संख्याशास्त्रज्ञ रिचर्ड कोरहेर याने १९४३ साली हिमलरसाठी केलेला अहवाल. तिथे त्या भागातल्या छावण्यांमधून ‘गेलेल्या’ ज्यूंचा आकडा आहे १२,७४,१६६. तार आणि अहवाल वेगवेगळ्या वाटांनी आपल्यापर्यंत आले, एक शत्रूने चोरून ऐकलेली, दुसरा त्यांच्याच कचेरीतला. आणि शेवटच्या अंकापर्यंत दोन्ही जुळतात. खोटा डेटा बनवणारा बेरीज जुळवून देतो. टायपिंगची चूक करणारा माणूस खरा असतो.

तो बराच वेळ बोलला नाही. मी त्याला सांगितलं, की ती स्लाइड्स माझी चूक होती. तो म्हणाला, ‘माहितेय.’ मग विचारलं, ‘ते पुस्तक परत देऊ का?’

मी म्हटलं, ठेव. कानिटकर वाच, पण एकटे वाचू नकोस. हिलबर्गचं पहिलं प्रकरण मी तुला पाठवतो, ते बाजूला ठेवून वाच, आणि प्रत्येक पानावर विचार की यात बुकिंग क्लार्क कुठेय.

निघताना त्याने माझ्या प्रिंटआउटवर पेन्सिलने ७१,३५५च्या शेवटी एक पाच लिहिला, स्वल्पविराम नीट जागी सरकवला, आणि कागद घडी करून खिशात घातला.